वाचक विचारतात: धरणाखाली राहणाऱ्यांच्या हाती किती वेळ असतो?

या वेळच्या सदरासाठी धरणांच्या खालच्या अंगाला, नदीकाठी राहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून आणि थोडे आवरून ते येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांच्या तळाशी एकच काळजी दिसते, ती म्हणजे पाणी आलेच तर आपल्या हाती किती वेळ असेल. उत्तरेही त्याच हिशेबाने दिली आहेत.

प्रश्न: आमचे घर नदीपासून दोनशे पावलांवर आहे. धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू केल्याचा संदेश मोबाइलवर येतो, पण त्या आकड्याचा आमच्या घराशी काय संबंध लावायचा ते कळत नाही. वीस हजारांना घाबरायचे की पन्नास हजारांना?

उत्तर: क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 283 घनमीटर, आणि एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन भरते. 11,574 क्युसेकचा विसर्ग अखंड 24 तास चालू राहिला, तर धरणातून एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी बाहेर पडलेले असते. हे गणित समजले तरी तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही, कारण तोच विसर्ग रुंद आणि मोकळ्या पात्रात दोन-चार पायऱ्या चढून थांबतो, तर भराव टाकून आवळलेल्या पात्रात घरात शिरतो. आकड्याला अर्थ येतो तो तुमच्या काठावर, आणि तो अर्थ तुम्हालाच लावावा लागतो.

यासाठी मी प्रत्येक वस्तीला एक वही ठेवायला सांगतो. जवळच्या पुलाच्या खांबावर, घाटाच्या पायऱ्यांवर किंवा काठच्या एखाद्या पक्क्या भिंतीवर ऑइलपेंटने फूट-फूट अंतरावर रेघा मारून त्यांना आकडे द्यावेत. रेघा रात्री टॉर्चच्या उजेडातही काठावर न उतरता वाचता येतील एवढ्या जाड असाव्यात. वहीत चार रकाने पुरतात: विसर्गाचा आकडा, तो सुरू झाल्याची वेळ, पाणी कोणत्या रेघेला लागले आणि किती वाजता लागले. दोन-तीन पावसाळे ही नोंद झाली की वीस हजारांना आपल्याकडे पाणी कोणत्या रेघेपर्यंत येते आणि धरणापासून येथवर यायला किती तास लागतात, हे तुमच्या वस्तीतील शाळकरी मूलसुद्धा सांगू शकेल. रेघ क्रमांक अमुक ओलांडली की वृद्ध आणि आजारी माणसे हलवायची, त्याच्या पुढची ओलांडली की सर्वांनी निघायचे, असा निर्णय मग कोरड्या दिवसांत, शांत डोक्याने करून ठेवता येतो. पुराच्या रात्री अंगणात उभे राहून तोच निर्णय करायला गेल्यास माणसे चर्चेत तास घालवतात.

या नोंदीवर विसंबताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. धरण आणि तुमची वस्ती यांच्या मधे एखादी उपनदी किंवा मोठा ओढा मिळत असेल, तर विसर्ग कमी असूनही पाणी जास्त येऊ शकते. खालच्या बाजूला दुसरे धरण, मोठा संगम किंवा समुद्राची भरती असेल, तर पुढे पाणी अडून फुगवटा मागे चढतो. आणि पात्रात नवा पूल, भराव किंवा गाळ झाला असेल, तर जुनी नोंद तशीच लागू पडत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. धरण पूर थोपवते ते त्यात जागा रिकामी असेपर्यंतच. ते काठोकाठ भरलेले असेल तर जेवढा येवा, म्हणजे वरून धरणात येणारे पाणी, तेवढा विसर्ग करण्यावाचून चालकांना गत्यंतर नसते. म्हणून नुसता आजच्या विसर्गाचा आकडा पाहू नका. धरण किती भरले आहे आणि वरच्या पाणलोट क्षेत्रात पुढच्या एक-दोन दिवसांत किती पाऊस सांगितला आहे, या दोन गोष्टी मिळून उद्याचा विसर्ग ठरतो. तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना नदीला पूर येतो तो याच कारणाने.

प्रश्न: विसर्गामुळे येणारा पूर आणि धरण फुटून येणारा पूर यांत नेमका फरक काय? धरण फुटले तर वाचण्याइतका वेळ मिळतो का?

उत्तर: विसर्गाच्या पुरात पाणी बहुधा चढत येते, दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडले जातात आणि काठच्या माणसाला काही तास मिळतात. धरण फुटल्यावर येते ती लाट. ती आपल्याबरोबर झाडे, दगड, पुलांचे तुकडे आणि वरच्या वस्त्यांतील घरे घेऊन येते, त्यामुळे तिचा मार पाण्याच्या माराहून कितीतरी जास्त असतो. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले, की खालच्या उतारावरची माती कापली जाऊन भगदाड वाढत जाते. गुजरातमधील मच्छू नदीवरचे दुसरे धरण 11 ऑगस्ट 1979 रोजी असेच गेले. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडण्याच्या वाटेच्या, क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक पाणी आले, दोन्ही बाजूंचे मातीचे भाग वाहून गेले आणि खालचे मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. कधी पाणी धरणाच्या पोटातून वाट काढते आणि आतली माती कणाकणाने बाहेर नेते. अशा वेळी पाऊस नसतानाही धरण जाऊ शकते. काँक्रीटच्या कमानी धरणाचा पाया सरकला तर सगळे काही क्षणांत घडते. आणि भिंत शाबूत राहूनही संकट येऊ शकते. इटलीतील वायोंत जलाशयात 9 ऑक्टोबर 1963 रोजी डोंगराचा प्रचंड कडा कोसळला, पाणी धरणावरून उसळून खालच्या लोंगारोने गावावर पडले आणि परिसरातील सुमारे दोन हजार माणसे गेली. ते धरण आजही उभे आहे.

वेळेचा अंदाज येण्यासाठी दोन घटना पाहू. फ्रान्समधील मालपासे धरण 2 डिसेंबर 1959 च्या रात्री फुटले, तेव्हा सुमारे दहा किलोमीटरवरच्या फ्रेझ्यूस शहरात पाणी पोहोचायला वीसेक मिनिटे लागली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरण 31 मे 1889 रोजी फुटले, तेव्हा सुमारे तेवीस किलोमीटरवरच्या जॉन्सटाउनला लाट पोहोचायला तासभर लागला. दरी अरुंद आणि उताराची असेल तर वेग वाढतो, सपाट मैदानात लाट पसरून मंदावते. तरीही धरणापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने आपल्या हाती वीस मिनिटेच आहेत असे धरून तयारी करावी. अंदाज चुकलाच तर तो आपल्या बाजूने चुकावा.

खरा वेळ मात्र धरण फुटल्यापासून मोजायचा नसतो; तो धोका ओळखला गेल्यापासून मोजायचा असतो. अमेरिकेतील आयडाहो राज्यात टीटन धरण 5 जून 1976 रोजी, पहिल्यांदाच भरले जात असताना फुटले. गळती सकाळी लक्षात आली होती, इशारा गेला होता आणि भिंत दुपारी बाराच्या सुमारास गेली. खालच्या गावांतून हजारो माणसे हलली. मालमत्तेचे नुकसान अफाट झाले, पण मृतांची संख्या 11 वर राहिली. मालपासेच्या वेळी रात्र होती, खाली इशारा पोहोचला नव्हता, आणि तेथे चारशेहून अधिक माणसे गेली. दोन्ही धरणे वेगळी आणि दऱ्याही वेगळ्या होत्या, तरी या तफावतीत सकाळच्या त्या काही तासांचा वाटा फार मोठा आहे.

नदीवर एकाखाली एक अशी धरणे असतील, तर वरच्या धरणाचाही विचार करावा. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्याच्या पाण्याने खालचे खडकवासला धरणही गेले आणि पुणे शहर पाण्याखाली गेले. लिबियातील देर्ना शहराच्या वर सप्टेंबर 2023 मध्ये एकामागोमाग दोन धरणे फुटली. तेव्हा आपले जवळचे धरण भक्कम आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

बहुतेक मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा तयार केलेला असतो आणि त्यात धरण फुटल्यास कोणता भाग किती वेळात, किती खोल बुडेल याचा नकाशा असतो. स्थानिक प्रशासनाकडे आणि धरणाच्या कार्यालयाकडे तो नकाशा लेखी मागा. हे मागणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखवणे नव्हे. ज्याचे घर त्या नकाशात आहे त्याने तो पाहिलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: आमच्याकडे दर वर्षी भोंगा वाजतो, गाडी फिरवून सावधगिरीचा इशारा देतात, आम्ही सामान बांधतो आणि शेवटी पाणी पायरीशी येऊन परत जाते. आता शेजारी हलायला तयार होत नाहीत. त्यांना काय सांगावे?

उत्तर: त्यांना जॉन्सटाउनची गोष्ट सांगावी. त्या दिवशी धरण धोक्यात असल्याच्या तारा खाली पोहोचल्या होत्या. पण धरण फुटणार ही आवई तेथील लोकांनी वर्षानुवर्षे ऐकली होती, त्यामुळे त्या तारांकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. दुपारनंतर लाट आली आणि 2,209 माणसे गेली.

याउलट मे 2020 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एडनव्हिल धरण फुटले, त्याखालचे सॅनफर्ड धरणही गेले, सुमारे दहा हजार माणसांना घरे सोडावी लागली, आणि एकही जीव गेला नाही. तेथेही लोकांना एकापेक्षा अधिक वेळा हलायला सांगण्यात आले होते. 2017 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल धरणाच्या आपत्कालीन सांडव्याखालची जमीन खचू लागली, तेव्हा सुमारे एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार लोकांना निघण्याचा आदेश दिला गेला. धरण टिकले आणि लोक दोन दिवसांनी परतले. त्या आदेशाला कोणी खोटा इशारा म्हणू लागले तर मला ते पटणार नाही. आदेश दिला गेला त्या क्षणी सांडवा टिकेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हते, आणि इशारा द्यायचा असतो तो अशाच क्षणी.

तुमच्या तक्रारीत तथ्य मात्र आहे. दर वेळी एकच भोंगा आणि एकच वाक्य असेल, तर माणसे कंटाळतात. 'नदीपात्रात उतरू नका', 'तयार राहा' आणि 'ताबडतोब निघा' हे तीन वेगळे इशारे आहेत आणि त्यांचे आवाजही वेगळे हवेत. स्वित्झर्लंडमध्ये धरणाखालच्या जवळच्या पट्ट्यासाठी नेहमीच्या भोंग्याहून निराळा जल-इशारा वापरात आला. वीस-वीस सेकंदांचे बारा खर्जातले सूर, मधे दहा सेकंदांची शांतता, आणि अर्थ एकच: ही जागा आत्ताच सोडा. तुमच्याकडे कोणत्या आवाजाचा काय अर्थ आहे हे विचारून घ्या. ठरलेले नसेल तर ठरवून घेण्याचा आग्रह धरा, आणि वर्षातून एकदा तो वाजवून दाखवायला सांगा.

आवाज तुमच्यापर्यंत पोहोचेलच, असे मात्र गृहीत धरू नका. चीनमधील बानचिआओ धरण 8 ऑगस्ट 1975 रोजी मध्यरात्रीनंतर फुटले, त्याआधी वादळाने धरणाशी असलेला संपर्कच तोडून टाकला होता. आजही मोठ्या पावसात आधी वीज जाते, मग मोबाइलचे टॉवर बंद पडतात. म्हणून आपला एक न बोलता पाळायचा नियम हवा: अमुक रेघेला पाणी लागले, किंवा नदीचे पाणी एकाएकी गढूळ होऊन ओंडके वाहू लागले, की कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता निघायचे. भर पावसात नदीचे पाणी कारण नसताना झपाट्याने उतरले, तरी निघायचे, कारण वर कोठेतरी पाणी अडले आहे असा त्याचा अर्थ असू शकतो.

प्रश्न: माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. आमचे घर दुमजली, पक्के आहे. तिला हलवण्यापेक्षा वरच्या मजल्यावर नेऊन ठेवणे बरे, असे घरातील सर्वांना वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर: याचे उत्तर तुमचे घर धरणापासून किती दूर आणि नदीच्या किती जवळ आहे यावर अवलंबून आहे. विसर्गाचा पूर असेल, पाणी सावकाश चढत असेल, घर काँक्रीटच्या चौकटीचे असेल आणि आजवरची सर्वांत वरची पाण्याची खूण पहिल्या मजल्याच्या बरीच खाली असेल, तर वरचा मजला हा चालण्याजोगा पर्याय आहे. मात्र पुढे दोन-तीन दिवस वीज, औषधे आणि मदत यांवाचून तेथे राहावे लागेल, हे गृहीत धरावे लागते. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती असतील तर हा पर्याय नाही, कारण त्या पाण्यात मऊ होऊन बसतात. आणि धरण फुटण्याचा धोका असेल व तुम्ही नकाशातल्या पहिल्या पट्ट्यात असाल, तर पक्क्या घरावरही भरवसा ठेवू नये. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो.

म्हणून तुमच्या आईसाठी माझा सल्ला असा की, तुमच्या घराची निघण्याची वेळ शेजाऱ्यांच्या एक पायरी आधीची ठेवा. धरण जवळजवळ भरले आहे आणि मोठ्या पावसाचा अंदाज आहे, एवढे कळताच, भोंग्याची वाट न पाहता, दिवसाउजेडी त्यांना उंचावरच्या नातेवाइकांकडे न्या. पाऊस ओसरला तर दोन दिवसांनी परत आणा. त्यात त्यांची दगदग होईल हे खरे आहे, पण रात्री दोन वाजता गुडघाभर पाण्यातून नेण्याच्या दगदगीशी तिची तुलना होणार नाही.

नेण्याची रीतही आधी करून पाहा. हातांची मजबूत खुर्ची, तिच्या पाठीला आणि आईच्या कमरेला बांधायला रुंद पट्टा, एक माणूस मागून आणि एक पुढून. जिन्यावर पुढचा माणूस पाठमोरा उतरत असेल तर त्याला पायऱ्या मोजून सांगणारा तिसरा लागतो. हे एकदा प्रत्यक्ष केले की खुर्ची दारातून जाते की अडकते, वळणावर कोठे थांबावे लागते आणि शेजारच्या कोणाला हाक मारावी लागेल, हे सारे कळते. स्थानिक प्रशासनाकडे हलवण्यास मदत लागणाऱ्या व्यक्तींची यादी असेल, तर त्यात आईचे नाव नोंदवा. नसेल तर गल्लीपुरती तुम्हीच करा.

सर्वांनाच लागू पडणारी गोष्ट म्हणजे निघण्याची दिशा. घाबरलेला माणूस ओळखीच्या मोठ्या रस्त्याने पळतो आणि तो रस्ता बहुधा नदीच्या काठाकाठानेच जातो. पाणीही त्याच दिशेने येत असते. नदीकडे पाठ करून, तिच्या प्रवाहाला काटकोनात, चढाकडे जा. लांब जाण्याची गरज नसते, उंच जाण्याची असते. दहा मिनिटांच्या चढाने जे साधते ते अर्ध्या तासाच्या गाडीने साधत नाही, विशेषतः सगळे गाव एकाच वेळी गाड्या काढते तेव्हा. ओरोव्हिलच्या वेळी हजारो माणसे तासन् तास रस्त्यांवर अडकून पडली होती. वाटेत पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालू नये. साधारण वीतभर खोलीचे वेगवान पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलते, फूटभर पाणी लहान गाडी तरंगवते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते.

प्रश्न: आणीबाणीच्या पिशवीत काय ठेवावे? याद्या फार लांबलचक असतात.

उत्तर: पिशवी एका हाताने उचलून चढ चढता आला पाहिजे, हा निकष लावला की यादी आपोआप लहान होते. रोजच्या औषधांचा आठवडाभराचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी, चष्म्याचा जुना जोड, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, पाण्याची बाटली, कोरडे खाणे, शिट्टी, थोडी रोख रक्कम आणि प्लॅस्टिकच्या घट्ट बंद पिशवीत महत्त्वाच्या कागदांच्या प्रती. दोन-चार फोन क्रमांक कागदावर लिहून ठेवा, कारण आता घरच्यांचे क्रमांकही कोणाला पाठ नसतात. घरात तान्हे बाळ असेल तर त्याची पिशवी वेगळी करावी. पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असावी. कपाटाच्या वर ठेवलेली पिशवी ऐन वेळी राहून जाते. आणि वीस मिनिटांच्या पट्ट्यात राहत असाल तर पिशवीसाठीही आत परतू नका.

प्रश्न: मी शेतकरी आहे. नदीवर मोटार आहे आणि गोठाही खालच्या अंगाला आहे. आधी काय वाचवावे?

उत्तर: जनावरे, तीही 'तयार राहा' या टप्प्यालाच. तेवढा वेळ मिळालाच नाही, तर दावी सोडून किंवा कापून त्यांना मोकळे करा आणि तुम्ही चढाला लागा. मोकळे जनावर पुष्कळदा स्वतः उंचवटा गाठते, बांधलेले जनावर जागीच बुडते. मोटारीसाठी पाणी वाढू लागल्यावर काठावर उतरू नका. मोटार काढायला म्हणून गेलेला माणूस वेढला जातो, असे फार वेळा घडते. पावसाळ्यापूर्वीच ती वर घेता येईल अशी सोय करावी आणि तिचा विजेचा स्विच पूररेषेच्या वर बसवून घ्यावा. कीटकनाशके आणि खतेही गोठ्याच्या माळ्यावर किंवा उंचावर ठेवा, कारण पुराच्या पाण्यात मिसळली तर ती गावाच्या विहिरीपर्यंत जातात.

प्रश्न: आमच्या घरामागे मातीचे जुने धरण आहे. त्याच्या पायथ्याशी नेहमी ओल असते. सामान्य माणसाला धोका ओळखता येतो का?

उत्तर: बऱ्याच अंशी येतो. आणि रोज त्या वाटेने जाणारा गुराखी ज्या गोष्टी पाहतो त्या कधीमधी येणाऱ्या तपासनिसाच्या नजरेतून सुटू शकतात. मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपणे हे स्वतःमध्ये संकट नव्हे. प्रश्न त्या पाण्याच्या रंगाचा आणि प्रमाणाचा असतो. काचेच्या स्वच्छ बाटलीत पायथ्याचे पाणी भरा आणि ती तासभर हलवू नका. पाणी नितळ असेल आणि तळाशी काही बसले नसेल, तर पाणी एकटेच येते आहे. तळाशी मातीचा थर दिसला, तर पाणी धरणाची माती बरोबर घेऊन येते आहे, म्हणजे आतून पोखरण चालू आहे. ही बाटली तारीख-वेळ लिहून जपून ठेवा आणि त्याच दिवशी कळवा. मात्र हे सारे नेहमीच्या दिवसांपुरते. पाणी डोळ्यांना उघड गढूळ दिसत असेल किंवा धार जोरात असेल, तर बाटली भरत बसू नका.

झिरप एकाएकी वाढणे किंवा नव्या जागी सुरू होणे, पायथ्याच्या जमिनीतून वाळू उकळल्यासारखी वर येणे, माथ्यावर लांबच लांब भेग पडणे, उताराचा तुकडा खाली सरकणे, माथा एखाद्या जागी खचलेला दिसणे आणि जलाशयात भिंतीजवळ भोवरा दिसणे, ही सारी लगेच कळवण्याची लक्षणे आहेत. सांडव्यात ओंडके, जाळ्या किंवा जलपर्णी अडकली असेल तरी कळवावे. साउथ फोर्क धरणाच्या सांडव्यावर मासे निसटू नयेत म्हणून जाळ्या बसवल्या होत्या. त्या दिवशी त्यांत पालापाचोळा अडकून पाण्याची वाट तुंबली आणि पाणी धरणाच्या माथ्यावरून गेले.

कळवताना धरणाचे कार्यालय आणि स्थानिक नियंत्रण कक्ष अशा दोन्ही ठिकाणी कळवा, काय दिसले, कोठे आणि किती वाजता एवढेच सांगा, सुरक्षित अंतरावरून फोटो काढता आला तर जोडा. तोच फोटो गावाच्या गटांवर 'धरण फुटले' असे लिहून पाठवू नका. खोट्या बातमीने एकदा गाव पळाले की पुढच्या खऱ्या इशाऱ्याची ताकद निम्मी होते. पण गढूळ पाण्याची धार मनगटाएवढी आणि क्षणाक्षणाला मोठी होताना दिसली, तर फोटोही नको. खालच्या घरांना हाका मारत चढाकडे निघा आणि फोन चालता चालता करा.

प्रश्न: पावसाळा नसताना नदीचे पात्र कोरडे असते आणि मुले तेथे खेळतात. तेव्हाही धोका असतो का?

उत्तर: वर जलविद्युत केंद्र असेल तर असतो. विजेची मागणी वाढली की पाणी सोडले जाते आणि गुडघाभर खोलीची नदी काही मिनिटांत छातीपर्यंत येऊ शकते. हिमाचल प्रदेशात 8 जून 2014 रोजी बियास नदीच्या पात्रात उतरलेले 24 विद्यार्थी वरच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्याने वाहून गेले. अशा नदीत कपडे धुताना, मासे धरताना किंवा पोहताना काठाच्या बाजूलाच राहावे. पात्राच्या मधल्या खडकावर किंवा बेटावर जाऊ नये, कारण पाणी आधी त्याच्या मागच्या बाजूने वाढते आणि परतीची वाट बंद झाल्यावर कळते.

प्रश्न: माझा मुलगा पुलापलीकडच्या शाळेत जातो. इशारा आला तेव्हा तो शाळेत असेल तर मी काय करावे?

उत्तर: शाळेकडे धावायचे नाही. आई म्हणून हे ऐकणे किती कठीण आहे याची मला जाणीव आहे, पण तुम्ही पुलावर आणि पाणीही पुलावर, अशी वेळ येऊ नये म्हणून हे आधीच ठरवायचे असते. पुढच्या आठवड्यात शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना चार प्रश्न विचारा: इशारा शाळेपर्यंत कसा पोहोचतो, मुलांना कोणत्या उंच जागी नेणार, तेथे चालत पोहोचायला किती मिनिटे लागतात, आणि ही तालीम शेवटची कधी झाली. चौथ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर इतर पालकांना बरोबर घेऊन तालीम घेण्याचा आग्रह धरा. शाळाच पट्ट्यात असेल तर पहिल्या इयत्तेच्या मुलांच्या पावलांनी घड्याळ लावून तो चढ चढून पाहावा, मोठ्यांच्या पावलांनी नव्हे. मुलाला सांगून ठेवा की त्या दिवशी तो गुरुजींबरोबर वर जाईल, तुम्ही आपल्या बाजूच्या उंचीवर जाल, आणि पाणी ओसरून पूल तपासला जाईपर्यंत कोणीही कोणाकडे यायचे नाही. भेटण्याची जागा आणि दूरच्या एका नातेवाइकाचा फोन क्रमांक चिठ्ठीवर लिहून ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवा.